माझ्यावर बसलेला विरोधी पक्ष

बसा. ही गोष्ट उभ्यानं ऐकायची नाही. फक्त त्या कडेला थोडी उसवलेय, तिथे पाय अडकवू नका म्हणजे झालं.

मी सतरंजी बोलतेय. निळे-पांढरे पट्टे होते माझे. आता निळा राखाडी झालाय, आणि पांढऱ्याबद्दल न बोललेलंच बरं. माझा जन्म तुरुंगातला. त्यात लाजायचं काय? नाशिकरोडच्या कारागृहात कैदी मागावर सतरंज्या विणतात आणि दिवाळीच्या आधी त्या विकायला ठेवतात. मला विणणारा माणूस कमी बोलायचा. धागा तुटला की "च्यायला" म्हणायचा, गाठ मारायचा आणि हात पुढे चालवायचा. त्यानं काय गुन्हा केला होता, मला ठाऊक नाही. वीण मात्र घट्ट घातली. एवढी वर्षं एवढी माणसं झेलली मी, ती काय उगाच?

मला विकत घेतलं गोटीराम वाघेरे यांनी. तेव्हा ते सातपूरच्या एका कारखान्यात कामगार होते. मूळचे पेठकडच्या डोंगरातले, नागली आणि भाताच्या मुलखातले. गेटसमोर संप चालू होता आणि माणसं तापलेल्या डांबरावर बसत होती. "बुडाखाली काय तरी पाहिजे, नायतर जेवायच्या आत सगळे उठून जातील," असं म्हणून हा माणूस मला खांद्यावर टाकून घेऊन आला. पुढे सगळे त्यांना भाऊ म्हणायला लागले, म्हणून मीही भाऊच म्हणते.

संप फसला. कारखानाच गुंडाळून दुसरीकडे गेला. पण माणसं कशी असतात बघा, संप हरलेल्या या माणसाला त्यांनी पुढच्या निवडणुकीत नगरसेवक केलं. भाऊ महापालिकेत गेले ते विरोधी बाकांवर. तिथून पुढे सरकारं बदलली, महापौर बदलले, झेंड्यांचे रंग बदलले. भाऊंचं बाक काही बदललं नाही. ते कायम समोरच्या बाजूला.

आणि विरोधी पक्षाचं फर्निचर म्हणजे मी. सत्तेतल्या माणसाला केबिन मिळते, सोफा मिळतो, चहा आणणारा शिपाई मिळतो. विरोधकाला महापालिकेच्या दारासमोरची जागा मिळते आणि सतरंजी मिळते. माझ्यावर बसणाऱ्यांचे प्रकार मी चांगले ओळखते. फोटोवाला आला की पुढे सरकणारे वेगळे, पोलिसांची गाडी आली की मागे सरकणारे वेगळे. काही जण उपोषणाला बसतात आणि खिशातले शेंगदाणे माझ्यावर सांडतात. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. सतरंजीनं तोंड उघडलं तर निम्मं राजकारण बंद पडेल हो.

आमची वस्ती आंबेवाडी. सातपूरच्या मागे, डोंगराच्या बाजूला. पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली आणि इथेच राहिलेली घरं. तिथे दवाखान्याच्या नावाखाली एक खोली होती, तिला बहुतेक वेळ कुलूप. बाईला कळा सुरू झाल्या की तिला रिक्षात घालून, सगळं सातपूर ओलांडून शहरात न्यावं लागायचं. आंबेवाडीत प्रसूतिगृह झालंच पाहिजे, हा नगरसेवक झाल्यावरचा भाऊंचा पहिला ठिय्या. महापालिकेसमोर माझ्यावर बसून दिलेली ती पहिली घोषणा. भाऊंनी आयुष्यात पाणी, रस्ते, घरपट्टी सगळ्यांवर आंदोलनं केली, पण त्यांचा जीव अडकला होता तो या एकाच गोष्टीत.

ठिय्या संपला की भाऊ मला स्वतः उचलायचे. तुम्हाला माहीत असेल, पक्षात नाराज झालेला कार्यकर्ता काय म्हणतो ते. "सतरंज्या उचलायच्या आम्ही आणि तिकीट द्यायचं दुसऱ्याला." भाऊंच्या बाबतीत ती सोय नव्हती. तिकीटही त्यांनाच आणि सतरंजीही त्यांनीच. माझं दुसरं टोक धरायला सविता असायची. सविता आंबेवाडीतलीच, एका वर्कशॉपात सुटे भाग तपासायला होती. आवाज असा खणखणीत, की ती घोषणा द्यायला लागली की भोंग्याची गरज पडत नसे. दोघं समोरासमोर उभे राहून मला झटकायचे, घडी घालता घालता जवळ यायचे आणि तेवढ्यात उद्याचं ठरवून टाकायचे. बहीण-भावासारखं नातं होतं ते. भाऊबीजेला ओवाळायची ती त्यांना.

मग एकदा भाऊ चक्क खासदार झाले. पक्षाला राखीव मतदारसंघात कुणी उमेदवार मिळेना, म्हणून यांना उभं केलं, आणि लोकांनी निवडून दिलं. पक्ष स्वतःच चकित झाला. देशात सरकार अर्थातच दुसऱ्यांचं आलं. दिल्लीतही भाऊ विरोधातच.

मीही गेले दिल्लीला, ट्रंकेत बसून. भाऊंच्या सरकारी घरात नाशिकहून आलेली माणसं माझ्यावर झोपायची. एकदा कांद्याची निर्यात बंद झाली, भाव कोसळले आणि लासलगावची माणसं कांद्याच्या माळा गळ्यात घालून धरण्याला आली. पोलिसांनी सगळ्यांना उचललं, गाडीत घातलं, आणि मला पुरावा म्हणून ठाण्यात नेलं. सुटल्याबरोबर भाऊ ठाण्यात हजर. "साहब, मेरी सतरंजी दो." फौजदार म्हणाला, खासदार होऊन एका सतरंजीसाठी आलात? भाऊ म्हणाले, "उद्या बसायचं कशावर?" मला कांद्याचा वास कितीतरी महिने होता.

लोकसभेत मागच्या बाकावरच्या माणसाला बोलायला वेळ मिळतो तो असा, की नमस्कार म्हणेपर्यंत घंटा वाजते. तरी भाऊंनी तिथेही आंबेवाडीच्या प्रसूतिगृहाचा प्रश्न लावून धरला. उत्तर आलं, हा विषय स्थानिक महापालिकेचा आहे. आणि महापालिकेनं आधीच सांगितलं होतं, की निधी वरून आल्याशिवाय काही होणार नाही. त्या दिवशी भाऊ घरी येऊन माझ्यावर आडवे झाले आणि छताकडे बघत म्हणाले, "खालचा वर बोट दाखवतो, वरचा खाली. मधल्या मधी बाई रिक्षात बाळंत होते."

पुढच्या निवडणुकीत पडले. मित्र म्हणाले, झालं ना आता, माजी खासदार म्हणून मानानं राहा. भाऊंनी महापालिकेचा अर्ज भरला. लोक हसले. "खासदार होता, आता नगरसेवक व्हायला निघाला." भागीबाई, म्हणजे भाऊंची बायको, ती मात्र म्हणाली, "बरं झालं. दिल्लीत जाऊन तुमची तब्येत उतरली होती." भाऊ निवडून आले आणि पुन्हा विरोधी बाकांवर जाऊन बसले.

आता जे सांगते ते मी पाहिलेलं नाही. सभागृहात मला प्रवेश नाही, मी दाराबाहेर. माझ्यावर येऊन बसणाऱ्यांकडून मी ऐकलं.

महासभेत जादा विषय म्हणून एक प्रकार असतो. विषयपत्रिका आधी घरी येते, ती सगळे वाचतात. पण सभा चालू असताना सत्ताधारी आणखी एक कागद वाटतात, त्यात आयत्या वेळचे विषय असतात, आणि नको ते नेमकं तिथून मंजूर करून घेतात. भाऊंचा या प्रकारावर भयंकर राग. त्यांनी नियमच केला होता, जादा विषयांच्या कागदाला हात लावायचा नाही. शिपाई कागद ठेवायचा, भाऊ तो उलटा करून बाकाच्या कडेला सरकवायचे. पेपरात कौतुक यायचं त्याचं.

त्या दिवशी जादा विषयांत एका मोठ्या भूखंडाचं आरक्षण उठवायचा डाव आहे, अशी कुणकुण लागली. दुपार टळली होती, बरेच नगरसेवक निघून गेले होते. भाऊंनी आपल्या लोकांना खूण केली, सगळे सभात्याग करून बाहेर आले, आणि आत ठेवलेल्या एकानं डोकी मोजायची मागणी केली. गणपूर्ती भरली नाही. सभा तहकूब. भूखंडाचा डाव फसला! बाहेर काय जल्लोष! सविता माझ्यावर नाचली. आणि मग पक्षाचा तरुण शहराध्यक्ष प्रफुल्ल तो जादा विषयांचा कागद वाचत वाचत जिना उतरला. चेहरा उतरलेला. भूखंडाच्या खालीच दुसरा विषय होता. आंबेवाडीतल्या बंद शाळेच्या इमारतीत प्रसूतिगृह सुरू करणे.

भाऊ खाली बसले. धपकन. मला अजून आठवतं ते वजन.

"पुढच्या सभेत येईल," सविता म्हणाली. पुढची सभा झालीच नाही. आचारसंहिता लागली, निवडणूक झाली, नवे लोक आले, त्यांनी तो विषय कपाटात टाकून दिला. भाऊ पुन्हा निवडून आले होते, पुन्हा विरोधात. ठिय्ये चालू राहिले. पण भाऊंची घोषणा पूर्वीसारखी उठत नव्हती.

आणि मग सवितेच्या सुनेचं झालं. पूजा तिचं नाव, पहिलटकरीण. दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळेला कळा सुरू झाल्या. त्या वेळेचं सातपूर तुम्ही पाहिलंय का? कंपन्यांच्या बसेस, मोटारसायकली, टेम्पो, सगळं एकदम रस्त्यावर. रिक्षा हलेना. पूजा रिक्षातच बाळंत झाली. मुलगा होता. शहरातल्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत गेला होता.

सविता भाऊंच्या दारात आली. बसली नाही. "भाऊ, तेव्हा तो कागद वाचला असता तर आज इथं दवाखाना असता," एवढंच म्हणाली. भागीबाई आतून पाणी घेऊन आली, तोवर सविता निघून गेली होती.

भाऊ दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. पूजासमोर हात जोडले. "पोरी, चूक माझी हाय." पूजानं भिंतीकडे तोंड केलं. हे मला भागीबाईनं सांगितलं. म्हणजे मला नाही, स्वतःशीच बोलत होती ती, माझ्यावर बसून तांदूळ निवडताना.

महिन्याभरात सविता सत्तेतल्या पक्षात गेली. आमच्या लोकांनी तिला काय काय म्हणावं! भाऊ सगळ्यांवर ओरडले, "तिला एक शब्द बोलायचा नाय. तिला दवाखाना पाहिजे. माझ्याकडून नाय झाला, म्हणून गेली ती." त्यानंतर माझं दुसरं टोक प्रफुल्ल धरायला लागला. त्याचं लक्ष फोनमध्ये. घडी कायम वाकडी.

सवितेनं तिकडे जाऊन त्यांच्या पुढाऱ्यांना झोप म्हणून येऊ दिली नाही. शेवटी तो विषय पुन्हा महासभेत आला, या वेळी नीट विषयपत्रिकेत. पण त्यांच्यातच दोन तट होते. एका तटाला ती शाळेची इमारत दुसऱ्याच कामासाठी हवी होती. तो तट त्या दिवशी सभेला फिरकलाच नाही. आणि आमच्या पक्षानं ठरवलं, की घरपट्टीच्या निषेधार्थ सभात्याग करायचा, डोकी मोजायला लावायची आणि सभा पाडायची. तसा पक्षादेश निघाला. व्हिप म्हणतात त्याला. व्हिप मोडला तर पद जातं.

"भाऊ, दवाखान्याचा विषय पुढच्या सभेत घेऊ. आपण पाठिंबा देऊ," प्रफुल्ल म्हणाला.

"पुढची सभा मी बघितलीय बाबा," भाऊ म्हणाले.

सगळे बाहेर आले, मला दारासमोर पसरलं, बसले, घोषणा सुरू केल्या. भाऊ आले नाहीत. आत डोकी मोजली. भाऊंचं एक डोकं धरून गणपूर्ती काठावर भरली. भाऊंनी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा सत्ताधाऱ्यांच्या प्रस्तावाला त्यांनी हात वर केला होता. प्रसूतिगृह मंजूर झालं.

भाऊ जिना उतरून आले तेव्हा घोषणा बदलल्या. "गद्दारांना माफी नाही!" माझ्यावर बसून, माझ्याच माणसाला! भाऊ समोर येऊन उभे राहिले. गुडघे दुखत होते त्यांचे, मला कळत होतं. कुणी सरकून जागा दिली नाही. प्रफुल्ल म्हणाला, "भाऊ, आता इथे बसू नका. लोक चिडलेत." भाऊ म्हणाले, "बरोबर हाय तुझं. व्हिप मोडलाय मी." आणि ते जिन्याच्या उघड्या पायरीवर जाऊन बसले.

तेवढ्यात भागीबाई आली. दवाखान्याचं काय होतंय ते बघायला ती वस्तीतून बसनं आली होती. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग सरळ येऊन माझं टोक धरलं.

"उठा," म्हणाली.

"वहिनी, आंदोलन चालू आहे," प्रफुल्ल म्हणाला.

"चालू दे की. सतरंजी आमच्या घरची हाय, पक्षाची नाय. यांनी पगारातनं आणलेली. उठा!"

एकेक जण उठला हो! शहराध्यक्षसुद्धा. तिनं मला एकटीनं गुंडाळलं, डोक्यावर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "चला घरी." भाऊ तिच्या मागोमाग निघाले. मी आयुष्यात पुष्कळ मोर्चे पाहिलेत, पण तेवढा मोठा मी दुसरा पाहिला नाही.

सुनावणी झाली आणि भाऊंचं नगरसेवकपद गेलं. पक्षानं काढून टाकलं. सत्तेवाल्यांनी बोलावलं, या आमच्याकडे, सन्मान करू. भाऊ म्हणाले, "एक हात वर केला म्हणून सगळा माणूस तुमचा झाला का?" गेले नाहीत. मग ना हे बाक, ना ते.

प्रसूतिगृह सुरू झालं तेव्हा आंबेवाडीत फ्लेक्स लागले. सत्तेवाल्यांचा फ्लेक्स, "वचनपूर्ती". आमच्या पक्षाचा फ्लेक्स, "आमच्या पाठपुराव्याला यश", त्यावर प्रफुल्लचा फोटो. हात जोडून हसताना. भाऊंचा फोटो कशावरच नव्हता. भागीबाईनं शिव्या घातल्या, भाऊ हसत राहिले. मला मात्र फार वाईट वाटलं. उगाच कशाला खोटं बोलू?

त्यानंतर भाऊ दुपारी मला अंगणात पसरून बसायचे. तिथून दवाखान्याची पाटी दिसायची. सविता हळूहळू परत येऊ लागली. ती सत्तेत, हे कुठेच नाहीत, पण चहा पूर्वीसारखाच. पूजाला त्याच दवाखान्यात मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन आली होती. भाऊंनी पेढा हातात धरला आणि विचारलं, "पूजा बरी हाय ना?" तेव्हापासून सविता आली की पहिला प्रश्न तोच. "पूजा बरी हाय ना?" आणि तिच्याशी बोलता बोलता त्यांची नजर गल्लीच्या तोंडाकडे जायची. पूजाचं घर चार घरं सोडून पलीकडे. पूजा कधी आली नाही. भाऊंनी पुन्हा जायचं धाडस केलं नाही. दिल्लीच्या पोलिसांना न घाबरणारा माणूस, चार घरं ओलांडायला घाबरत होता.

गेल्या थंडीत भाऊ गेले. सकाळी, अंगणात, माझ्यावरच. चहाचा कप कलंडला, तो डाग अजून आहे.

सर्वपक्षीय शोकसभा झाली. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. जिवंतपणी ज्यांच्यातून विस्तव जात नाही, ते माणूस मेल्यावर एका ओळीत बसतात. मंडपात खुर्च्या मांडल्या होत्या. भागीबाई म्हणाली, खुर्च्या काढा, हे कधी खुर्चीवर बसून बोलले नाय. मला पसरलं. सत्तेवाले बसले, आमचे बसले. प्रफुल्ल म्हणाला, "भाऊ म्हणजे तत्त्वांचा डोंगर." कुणी म्हणालं, संसदेत घुमलेला आवाज. कुणी म्हणालं, राजकारणातला शेवटचा सज्जन. मी ऐकत होते. त्या दिवशी पायरीवर बसले होते तेव्हा हे सगळं कुठे होतं?

मग पूजा उठली. कडेवर मुलगी. सविता तिला खाली ओढत होती, पण ती माइकपर्यंत गेली.

"मला भाषण येत नाय," ती म्हणाली. "भाऊ रोज आमच्या आईंना विचारायचे, पूजा बरी हाय ना. आई घरी येऊन सांगायच्या. मी ऐकायचे आणि भांडी घासत राहायचे. माझा राग तर ही झाली तेव्हाच गेला होता. चार घरं ओलांडून तेवढं सांगायचं होतं. ते वाट बघतायत हे मला माहीत होतं. मी म्हटलं, थोडी बघू दे त्यांना वाट. मी बघितली ना, रिक्षात. तर त्यांनाही बघू दे." तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी उद्या जाणार होते. रोज उद्याच जाणार होते."

ती परत येऊन माझ्यावर बसली आणि रडली. भागीबाई सरकत सरकत तिच्याजवळ गेली आणि तिची मुलगी आपल्या मांडीवर घेतली.

आता मी भागीबाईच्या घरी असते. आंदोलनाला कुणी नेत नाही, आता म्हणे खुर्च्या भाड्यानं मिळतात. दुपारी पूजाची मुलगी माझ्यावर रांगते, लाळ गाळते, झोपते. माझी काही तक्रार नाही.

मोठ्या लोकांनी प्रस्ताव मंजूर करावेत, पाडावेत, मला त्यातलं काही कळत नाही. पण घरात, गल्लीत, कुणी तुमच्या एका शब्दाची वाट बघत बसलं असेल, आणि ते तुम्हाला ठाऊक असेल, तर उद्यावर टाकू नका. मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत. भाऊ त्या गल्लीकडे बघत बसायचे ना, तेव्हा मी त्यांच्याखाली होते. मला चालता आलं असतं, तर मी स्वतः जाऊन पूजाला घेऊन आले असते.